तज्ज्ञ डॉक्टरांचा दवाखाना बंद होतोय? रुग्णाला नवीन उपचार मिळवून देताना या चुका टाळा

दवाखाना बंद होणार असल्याची पाटी दारावर लागली, की घरात पहिला प्रश्न येतो, "आता दुसरा चांगला डॉक्टर कोण?" मग ओळखीपाळखीत फोन सुरू होतात, नावं गोळा होतात आणि जुन्या दवाखान्याचे उरलेले दिवस त्यातच निघून जातात. नवीन डॉक्टर थोडे उशिरा शोधले तरी सापडतील. जुने डॉक्टर एकदा गेले, की त्यांच्या डोक्यातली माहिती मात्र कुठेच सापडत नाही. हीच गोळी का निवडली, आधी कुठली देऊन फसली, डोस याहून वर का नेला नाही, हे सगळं त्यांना पाठ असतं आणि बऱ्याचदा कागदावर नसतं. मदत करणारे घरचे असोत, दवाखान्यातले कर्मचारी असोत की स्वतः डॉक्टर, पहिलं काम हे "का" लिहून घेण्याचं आहे. ते मागे पडलं, की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होतात.

फाइल हातात आली म्हणजे झालं, असं समजणं

दहा वर्षांच्या उपचारांची फाइल जाडजूड असते. नवीन डॉक्टरांना पहिल्या भेटीत ती पूर्ण वाचायला वेळ मिळत नाही. वाचली तरी काय दिलं ते कळेल, का दिलं ते कळेलच असं नाही. म्हणून फाइलच्या वर एक सारांशपत्र हवं. एक पान, फार तर दोन. डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं किंवा सांगून लिहवलेलं, खाली सही आणि तारीख असलेलं.

फिट्सच्या रुग्णाचं उदाहरण घ्या. चिठ्ठीवर फक्त "लॅमोट्रिजिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा" एवढंच असतं. चांगल्या सारांशपत्रात त्यामागची हकिकत असते. फेनिटॉइनने फिट्स थांबल्या, पण हिरड्या सुजल्या. लेव्हेटिरासिटॅमवर चिडचिड इतकी वाढली, की ते बंद करावं लागलं. लॅमोट्रिजिन अंगावर पुरळ येऊ नये म्हणून कित्येक आठवडे हळूहळू वाढवत नेलं. शेवटची फिट कधी आली, आणि ती गोळी चुकल्यामुळे आली की गोळ्या नीट चालू असताना. हे सगळं चार-पाच ओळींत मावतं. या ओळी नसल्या, तर नवीन डॉक्टर चांगल्या हेतूनेच तीच औषधं पुन्हा देऊन पाहतील आणि रुग्ण तोच त्रास दुसऱ्यांदा भोगेल.

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचंही तसंच आहे. बहुतेक रुग्णांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. हृदयाची मिट्रल झडप बदलून मेकॅनिकल व्हॉल्व्ह बसवला असेल, तर साधारण २.५ ते ३.५ लागतो. ३.३ हा आकडा एकाला जास्त आणि दुसऱ्याला अगदी बरोबर असतो. व्हॉल्व्हची माहिती नसताना कुणी डोस उतरवला, तर व्हॉल्व्हवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. रिपोर्टवर आकडा असतो, या रुग्णासाठी तो किती असायला हवा हे लिहिलेलं नसतं. तेच सारांशपत्रात यायला हवं.

औषधांची यादी करताना नाव आणि डोस यांवर थांबू नका. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. नव्या यादीत ते चुकून रोजचं म्हणून उतरलं, तर जिवावर बेततं. म्हणून यादीत वार लिहा, "फक्त रविवारी" असं स्पष्ट. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे आणि ते घेतल्यावर नेमकं काय झालं होतं, हेही तिथेच.

मुदत दवाखान्याच्या तारखेवरून मोजणं

दवाखाना महिनाअखेरीस बंद होणार, म्हणजे महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, असं सगळे धरून चालतात. रुग्णाची खरी मुदत त्याच्या पुढच्या इंजेक्शनच्या तारखेवर, पुढच्या रक्ततपासणीवर आणि गोळ्यांच्या शेवटच्या पट्टीवर ठरते. दवाखान्याला कुलूप लागण्याशी तिचा संबंध नसतो.

काही औषधांमध्ये थोडा उशीर चालतो, काहींमध्ये अजिबात चालत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी असतं. ते लांबलं, की औषधाचा परिणाम वेगाने ओसरतो आणि मणक्याची हाडं मोडण्याचा धोका वाढतो. वर्षातून दोनदाच घ्यायचं असल्यामुळे हेच इंजेक्शन सगळ्यात जास्त विसरलं जातं. संधिवात किंवा आतड्यांच्या दाहासाठीचं इन्फ्लिक्सिमॅब सलाइनमधून साधारण दर ८ आठवड्यांनी देतात. मध्ये मोठा खंड पडला, तर शरीर त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. मग पुन्हा सुरू करताना रिॲक्शन येण्याची किंवा औषध लागूच न पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे खंडामुळे एक चालणारं औषध कायमचं हातचं जाऊ शकतं.

मानसोपचाराच्या रुग्णांबाबत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. क्लोझापिन ४८ तासांहून जास्त काळ सुटलं, तर पूर्वीच्याच डोसवर परत सुरू करत नाहीत, अगदी कमी डोसपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. लॅमोट्रिजिनही काही दिवसांहून जास्त सुटलं, की हाच नियम. लिथियम घेणाऱ्याची रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड ठरावीक काळाने तपासावी लागतात. आणि नेमक्या याच रुग्णांना "आता मला बरं वाटतंय, नवीन डॉक्टर कशाला" असं वाटू शकतं. त्यांच्यासाठी नुसता पत्ता देणं पुरत नाही. नवीन डॉक्टरांची वेळ ठरेपर्यंत कुणीतरी पाठपुरावा करत राहायला हवं.

प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड काही आठवडे रोज घेतल्यावर एकाएकी थांबवायचं नसतं, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असतं. फिट्सच्या गोळ्या, रक्तदाब आणि हृदयासाठीचे बीटा ब्लॉकर, दीर्घकाळ चालू असलेल्या झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या यांचंही तसंच. हातातला साठा किती दिवस पुरेल हे आजच मोजा. तो नवीन भेटीच्या तारखेच्या अलीकडे संपत असेल, तर जुन्या डॉक्टरांकडून मधल्या काळाची चिठ्ठी आताच मागून घ्या.

दवाखान्यांकडून होणारी चूक: सगळ्यांना एकच पाटी आणि एकच नाव

हा भाग डॉक्टर आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी. दारावरची पाटी फक्त त्यालाच दिसते, जो येत्या काही दिवसांत येणार आहे. वर्षातून एकदा तपासणीला येणारा, गावाबाहेरून येणारा, फोन नंबर बदललेला, घराबाहेर पडू न शकणारा, हे सगळे बंद दारासमोर उभे राहिल्यावरच त्यांना कळतं. यादी काढून फोन करावेच लागतात, आणि सगळ्यांना एकाच दिवशी करणं शक्य नसतं. म्हणून क्रम लावा. आधी अर्धवट उपचार चालू असलेले, म्हणजे केमोथेरपीच्या मधोमध असलेले किंवा शस्त्रक्रिया ठरलेले. मग ठरावीक तारखेला इंजेक्शन किंवा सलाइन लागणारे. मग ज्यांच्या औषधाची रक्तातली पातळी मोजावी लागते ते. स्थिर आणि वर्षातून एकदा येणारे शेवटी, पण यादीतून गळालेले नकोत.

निरोपासोबत सगळ्या रुग्णांना एकाच डॉक्टरांचं नाव दिलं, तर त्यांच्याकडच्या वेळा लगेच भरतात आणि नंतर फोन करणाऱ्यांना काही महिन्यांनंतरची तारीख मिळते. बहुतेकदा हे उशिरा फोन करणारे सगळ्यात थकलेले असतात. तीन-चार नावं द्या, आणि देण्याआधी त्या डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारा की नवीन रुग्ण घेताय का. दहा मिनिटांच्या त्या फोनने रुग्णांची किती धावपळ वाचते, ते त्यांच्या जागी उभं राहिल्यावरच कळतं.

नुसती पाटी वाचून डॉक्टर निवडणं

"न्यूरॉलॉजिस्ट" एवढं पुरत नाही. एकाचा हात फिट्सवर बसलेला असतो, दुसऱ्याचा पार्किन्सनवर. डोळ्यांचे डॉक्टर आहेत म्हणजे पडद्याची इंजेक्शनं देतातच असं नाही. फोनवर नाव सांगण्याआधी आजार आणि चालू उपचार सांगा.

पेसमेकर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट विचारायची. पेसमेकर तपासण्याचं यंत्र ज्या त्या कंपनीचं वेगळं असतं. डॉक्टर कितीही निष्णात असले, तरी तुमच्या पेसमेकरच्या कंपनीचं यंत्र त्यांच्याकडे नसेल, तर तिथे तो तपासता येणार नाही. पेसमेकर बसवल्यावर मिळालेलं कार्ड शोधून ठेवा. कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक त्यावर असतात, आणि पुढे एमआरआय करायची वेळ आली तरी तेच कार्ड लागतं.

स्कॅनचा फक्त छापील रिपोर्ट नेणं किंवा फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून नेणं, हीही नेहमीची चूक. नवीन तज्ज्ञांना मूळ प्रतिमा हव्या असतात, डायकॉम फाइल्सच्या रूपात, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. ती सीडी उघडते का, हे घरी एकदा बघून घ्या. कर्करोगाच्या रुग्णाच्या बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला नमुना) सहसा डॉक्टरांकडे नसून पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतात. नवीन डॉक्टर त्या पुन्हा तपासायला मागू शकतात, तेव्हा लॅबचं नाव आणि नमुन्याचा क्रमांक टिपून ठेवा. आणि मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका, प्रत द्या.

गाडी अडली तर

*तारीख फार लांबची मिळते.* "अपॉइंटमेंट हवी होती" असं म्हटलं, की पहिली रिकामी तारीख मिळते. त्याऐवजी असं सांगून बघा: "आधीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होतोय. पेशंटचं इन्फ्लिक्सिमॅबचं पुढचं सलाइन पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला आहे. डॉक्टरांचं पत्र माझ्याकडे आहे, पाठवू का?" फोन उचलणाऱ्याला आता डॉक्टरांपुढे ठेवायला काहीतरी ठोस मिळतं. तरीही नाही जमलं, तर कुणी वेळ रद्द केल्यास कळवायला सांगून ठेवा, आणि जुन्या डॉक्टरांना विनंती करा की त्यांनी एक फोन करावा. डॉक्टरांनी डॉक्टरांना केलेल्या फोनने पुष्कळदा मार्ग निघतो.

मधल्या काळासाठी फॅमिली डॉक्टर फार उपयोगी पडतात. तज्ज्ञांचं पत्र हातात असेल, तर बरीचशी चालू औषधं आणि रक्ततपासण्या ते सांभाळू शकतात. पण काही औषधं फक्त तज्ज्ञांनीच लिहायची असतात. ती कुठली, हे आधीच विचारून ठेवा, पट्टी संपल्यावर नको.

*दवाखाना आधीच बंद झालाय, फोन कुणी उचलत नाही.* म्हणून रुग्णाच्या नोंदी नाहीशा झाल्या असं नाही. त्या कुणाच्या तरी ताब्यात असतात. डॉक्टर ज्या रुग्णालयात जात होते तिथला रेकॉर्ड विभाग, दवाखाना ज्यांनी चालवायला घेतला ते, किंवा डॉक्टरांची नोंदणी करणारी परिषद, यांच्याकडे लेखी विचारा. तोवर बाकीच्या ठिकाणांहून फाइल पुन्हा जुळवता येते. औषधांच्या दुकानात मागच्या बिलांवरून नाव आणि डोस मिळतात, लॅबमध्ये जुने रिपोर्ट मिळतात, रुग्णालयातून डिस्चार्ज कार्डची प्रत मिळते. त्यात "का" नसेल, तर ते रुग्णाकडून लिहून घ्यावं लागेल. शांतपणे बसा, एकेक औषध हातात घ्या आणि विचारा, हे कधी सुरू झालं, त्याआधी काय होतं, ते का सोडलं. रुग्णाला बरंच आठवत असतं, कुणी विचारलेलं नसतं.

*नवीन डॉक्टर पहिल्याच भेटीत औषध बदलायचं म्हणतात.* लगेच भांडू नका आणि लगेच मानही डोलावू नका. बदल योग्यही असू शकतो. सारांशपत्रातली ती ओळ दाखवा आणि विचारा, "हे आधी देऊन झालंय, तेव्हा असं झालं होतं. आता वेगळं काय होईल?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाहीत.

*रुग्णच जायला तयार नाही.* पंधरा वर्षं एकाच माणसासमोर आपलं दुखणं मांडलेल्याला नव्याने सुरुवात करणं जड जातं. त्याला कटकट म्हणू नका. जमलं तर जुन्या डॉक्टरांच्या शेवटच्या भेटीतच त्यांच्या तोंडून नव्या डॉक्टरांचं नाव येऊ द्या. घरच्यांनी दहादा सांगण्यापेक्षा ते एक वाक्य जास्त वजनाचं असतं. पहिल्या भेटीला कुणीतरी सोबत जा, पण बोलू द्या त्यालाच.

वाटेत असलेले रिपोर्ट विसरणं

ही चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही आणि सगळ्यात महाग पडते. शेवटच्या आठवड्यात बायोप्सी घेतली, रक्त दिलं, स्कॅन केला. रिपोर्ट तयार झाला आणि लॅबने तो नेहमीप्रमाणे बंद झालेल्या दवाखान्याच्या ईमेलवर पाठवला. तिथे तो कुणी उघडत नाही. रुग्णाला वाटतं, काही असतं तर डॉक्टरांनी कळवलं असतं.

शेवटच्या भेटीत विचारा, अजून कुठले रिपोर्ट यायचे आहेत आणि ते आल्यावर कोण पाहणार. प्रत्येक रिपोर्टसमोर एका डॉक्टरांचं नाव लिहून घ्या, नवीन तज्ज्ञ ठरले नसतील तर फॅमिली डॉक्टरांचं. मग स्वतः लॅबला फोन करून रिपोर्ट आता त्या नावावर पाठवायला आणि एक प्रत थेट रुग्णाला द्यायला सांगा. तयार होण्याची तारीख विचारा, आणि त्या तारखेला रिपोर्ट आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करा.