शिकाऱ्यांची दगडी हत्यारे समजून घेताना या चुका टाळा

प्रवरा, गोदावरी किंवा भीमेच्या पात्रालगतच्या जुन्या गाळात अश्मयुगीन हत्यारे आजही सापडतात आणि ती पाहणारा बहुधा पहिला प्रश्न विचारतो, की याने काय मारले असेल? खरे तर हातात आलेल्या दगडाने काहीही मारले नसण्याचीच शक्यता अधिक असते. शिकारीच्या साधनांपैकी दगडाचा फार मोठा भाग जनावर पडल्यानंतरच्या कामांसाठी, म्हणजे कातडी सोलणे, सांधे सुटे करणे, हाडे फोडून मगज काढणे आणि लाकूड तासणे यांसाठी वापरला जात होता.

आकारावरून काम ठरवणे

सर्वांत जास्त फसगत येथेच होते. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या ओट्झी या सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ गारेच्या दगडाचे एक लहान, त्रिकोणी आणि टोकदार पाते होते. ते एकटेच एखाद्या शेतात मिळाले असते तर भाल्याचे किंवा बाणाचे टोक म्हणून त्याची निःशंकपणे नोंद झाली असती, परंतु बर्फामुळे त्याची लाकडी मूठ टिकून राहिली आणि ते सुऱ्याचे पाते असल्याचे स्पष्ट झाले. त्याच्या भात्यात बाणांच्या 14 काठ्या होत्या व त्यांपैकी दोनच काठ्यांना दगडी टोके बसवलेली होती. उरलेल्या काठ्या अपुऱ्याच राहिल्या होत्या.

टोकदार दगड प्रक्षेपणासाठी वापरला गेला का, हे त्याच्या मोडण्यावरून तपासावे. वेगाने हाडावर आदळलेल्या टोकाचा शेंडा बहुधा तुटतो आणि त्या तुटीपासून पात्याच्या लांबीच्या दिशेने छिलका, म्हणजे दगडाची पातळ कपची, उडालेला दिसतो. मात्र घडवताना झालेली चूक किंवा जनावरांच्या पायाखाली येणे यांमुळेही काही वेळा अशी तूट होते, म्हणून एका नमुन्यावर निष्कर्ष बांधू नये. निःसंदिग्ध पुरावा क्वचितच मिळतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात फॉल्सम येथे 1927 मध्ये नामशेष झालेल्या रानगव्याच्या बरगड्यांमध्ये रुतलेले दगडी टोक जागेवरच पाहता आले, तेव्हा त्या प्राण्याची शिकार माणसाने केली होती याविषयीचा वाद मिटला.

आकार कायमचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. धार बोथट झाली की कड पुन्हा ठोकून काढली जाई, त्यामुळे लांब पाते आखूड होई आणि शेवटी फेकून दिलेल्या अवस्थेतच ते आपल्या हाती येते.

छिलक्यांना कचरा मानणे

हातकुऱ्हाड, म्हणजे दांडा न लावता मुठीत धरून वापरायचे दगडी हत्यार, देखणी असल्यामुळे ती उचलली जाते आणि भोवतीचे छिलके तसेच राहतात. ताज्या छिलक्याची धार मात्र घडवलेल्या हत्यारापेक्षा पुष्कळदा अधिक तीक्ष्ण असते. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी एक घोडा कापला गेला, त्या जागेवरील छिलके एकमेकांना जुळवून हातकुऱ्हाडी तेथेच घडवल्याचे संशोधकांनी दाखवले, म्हणजेच तयार हत्यार नेले गेले असले तरी त्याच्या निर्मितीचा वृत्तांत छिलक्यांत शिल्लक राहिला. तेथील हाडांवर कापण्याच्या खुणा आधीच्या आणि हिंस्र प्राण्यांच्या दातांच्या खुणा नंतरच्या असल्याचे दिसते, त्यामुळे मांसापर्यंत माणूस आधी पोहोचला होता असे म्हणता येते. दगडापेक्षा हाड अधिक बोलके ठरते, ते असे.

दगडालाच संपूर्ण हत्यार समजणे

जर्मनीत शोनिंगेन येथे घोड्यांच्या हाडांसोबत किमान दोन लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले सापडले आहेत. त्यांना दगडी टोके नव्हतीच, दगडाचा उपयोग ते लाकूड तासण्यासाठी झाला. मध्याश्मयुगातील सूक्ष्मास्त्रांविषयी उलटी चूक होते. नखाएवढी चंद्रकोरी किंवा त्रिकोणी पाती पाहून ती एकेकटी वापरली असावीत असे वाटते, परंतु ती लाकडी किंवा हाडाच्या दांड्यात खाच करून, राळेसारख्या चिकट पदार्थाने ओळीने बसवली जात. भीमबेटका येथील चित्रांतील शिकाऱ्यांच्या हातात धनुष्यबाण आणि काटेरी भाले दिसतात, तेव्हा अशी पाती कशी जोडली जात असतील याची कल्पना करता येते. एक पाते तुटले तरी बाकीचे हत्यार कामाचे राहत असे, हा या रचनेचा मोठा लाभ होता.

पुरावा स्वतःच पुसून टाकणे

हत्याराच्या कडेवर कामाच्या खुणा राहतात: लाकडावर, कातड्यावर आणि हाडावर घासल्याने वेगवेगळी चकाकी आणि सूक्ष्म ओरखडे निर्माण होतात. ही तपासणी सोव्हिएत संशोधक सर्गेई सेम्योनोव्ह यांनी पद्धतशीरपणे विकसित केली. सापडलेला दगड तारेच्या ब्रशने घासणे, अनेक दगड एकाच पिशवीत खडखडत नेणे किंवा कड बोटाने चाचपत राहणे यांमुळे नेमक्या याच खुणा नष्ट होतात अथवा नव्या, खोट्या खुणा उमटतात. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुराश्मयुगातील दख्खनी हत्यारे बहुतांशी बेसाल्टची असून तो दगड भरड व लवकर झिजणारा असल्यामुळे अशी चकाकी त्यावर क्वचितच टिकते, तर सूक्ष्मास्त्रांसाठी वापरलेले अकीक व कॅल्सेडनी हे बारीक पोताचे दगड त्या खुणा बऱ्याच चांगल्या जपतात. कडा गोलसर झालेला बेसाल्टचा दगड नदीने घरंगळत आणलेला असल्यास त्याच्या वापराविषयी बोलणे व्यर्थ आहे.

शेवटी, नांगराने किंवा ट्रॅक्टरच्या चाकाने फुटलेला दगडही छिलक्यासारखा दिसतो. हाताने ठोकलेल्या छिलक्यावर आघाताच्या जागेखाली हलका फुगवटा आणि तेथून लाटांसारख्या पसरलेल्या रेषा असतात. त्या दिसल्या तरी केवळ एका दगडावर विसंबू नये, आसपास तशाच फुटींचे आणखी दगड आहेत का ते पाहावे. दगड जागेवरच ठेवून शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि राज्य पुरातत्त्व विभागास किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावे.