मालवणला निघण्याआधी सांगलीतच मास्कचा सराव करा

कृष्णेत पट्टीचं पोहणारेही स्नॉर्केलिंगला, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहायला, पहिल्यांदा गडबडतात, कारण नाक मास्कमध्ये बंद असतं आणि श्वास तोंडानेच घ्यायचा असतो. म्हणून आधी सांगलीतच, पोहण्याच्या टँकमध्ये कमरेएवढ्या पाण्यात सराव करा.

पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तरच तो मापाचा. मिशी किंवा कडेखाली अडकलेले केस असले की पाणी झिरपतं. पट्टा आवळून उपयोग नाही, उलट कड दुमडते. पाणी शिरलंच तर वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करून नाकाने फुंका. नळीतल्या पाण्याला एकच जोरदार फुंकर पुरते.

समुद्रात प्रवाळावर पाय अजिबात टेकवू नका. तो जिवंत असतो, मोडला तर वाढायला वर्षं लागतात.