बाहेरून आलेल्या कारागिराला त्याच्या हुनराचं काम: मार्गदर्शकाने काय करावं

गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये पोती वाहणाऱ्यांत कधी आयटीआय झालेला फिटर निघतो, वणी-पांढरकवड्याकडच्या जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्यांत वेल्डर निघतो. बालाघाट, राजनांदगाव, नाहीतर थेट बिहारमधून हा माणूस ठेकेदारासोबत येतो. पहिल्या दिवशी हजेरीवर ‘हेल्पर’ लागतं आणि पुढे तेच चिकटून राहतं. त्याच आवारात मशीन बंद पडली की मालक शहरातून मिस्त्री बोलावतो.

या कारागिराची आणि मालकाची गाठ घालून देणारा माणूस, म्हणजे मार्गदर्शक, कारखान्यातच असतो: एखादा जुना जाणकार कामगार. नोकरी लावून देणं त्याच्या हातात नसतं. समोरच्याला नेमकं काय येतं हे इथल्या मालकाला पटेल असं दाखवून देणं मात्र त्याला जमतं. ‘इथं कुठं काम केलं?’ हा प्रश्न सगळीकडेच आडवा येतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली धोरण काढून सांगितलं, की ‘कॅनडातलाच अनुभव हवा’ असा हट्ट प्रथमदर्शनी भेदभावच ठरतो. आपल्याकडे अशा धोरणाची वाट पाहायची गरज नाही, मालकासमोर काम करून दाखवायच्या एका ट्रायलमध्ये हा प्रश्न सुटू शकतो.

मार्गदर्शक निवडताना

फिटरला फिटरच द्या, वायरमनला वायरमन. त्या भागात पाचेक वर्षं काम केलेला आणि चार मालकांच्या ओळखीचा माणूस बघा. ठेकेदार किंवा मुकादम नको आणि या कारागिराची हजेरी लावणारा सुपरवायझरही नको. पगार कापू शकणाऱ्यासमोर ‘हे मला येत नाही’ असं कोणी कबूल करत नाही, आणि ते कळल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. एका मार्गदर्शकाकडे एका वेळी एकच माणूस द्यावा, फार तर दोन. आठवड्याला एक तास, असे बारा आठवडे धरा.

सुरुवात जूनच्या अखेरीस करा. जिनिंगची मशीन पावसाळ्यात उघडतात, रोलर-बेअरिंग तेव्हाच बदलतात, राइस मिलची दुरुस्तीही नवा धान यायच्या आधी होते. पोळ्यापर्यंत कागद आणि ट्रायल दोन्ही उरकलं पाहिजे. हंगाम लागला की मालकाला नवा माणूस तपासायला सवड नसते, तो ओळखीच्या मिस्त्रीलाच फोन करतो.

पहिल्या दोन बैठका: वही

गेटबाहेर, चारचौघांपासून दूर बसा. ‘काय काय येतं?’ असं विचारू नका, उत्तर ‘सब आता है’ असंच येईल. शेवटचा बिघाड कोणता काढला, मशीन कोणती होती, बिघाड कसा ओळखला, काय मोजलं, कोणतं हत्यार वापरलं, हे विचारा. फिटरला विचारा, ६२०५ बेअरिंगचा आतला व्यास किती? शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ ला, पाचाने गुणून तो २५ मिलिमीटर म्हणाला तर हा हात मशीनला लागलेला आहे, हे समजा. वेल्डरला विचारा, ७०१८ नंबरचे वेल्डिंग रॉड पावसाळ्यात कसे ठेवतोस? ओल धरलेल्या रॉडने वेल्डमध्ये छिद्रं पडतात, तडेही जातात. रॉड ओव्हनमध्ये गरम ठेवायचे, हे त्याने स्वतःहून सांगायला हवं. इलेक्ट्रिशियनला मोटर सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी कागदावर काढायला लावा.

उत्तरं वहीच्या एका पानावर उतरवा: मशीन, काम, किती वर्षं, कोणाच्या देखरेखीखाली. ‘मेकॅनिकल कामाचा अनुभव’ असं मोघम लिहिलेलं कोणी वाचत नाही. ‘१० एचपी मोटरचं कपलिंग अलाइनमेंट एकट्याने केलं’ हे मालक वाचतो. जे येत नाही तेही त्याच पानावर लिहा. पुढच्या आठवड्यांत तेवढंच शिकवायचं असतं.

कागद

इथे सगळ्यांत जास्त वेळ एका क्षुल्लक गोष्टीत जातो. गाव सोडल्यावर सिम बदललेलं असतं, आधारला जुनाच नंबर असतो आणि ओटीपी येतच नाही. म्हणून आधी आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या. मग डिजिलॉकरमध्ये आयटीआयचं प्रमाणपत्र मिळतं का ते पाहा आणि त्यावरचं नाव आधारशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. पूर्वी पीएफ कापला गेला असेल तर जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) नव्या मालकाला सांगायला लावा, नाहीतर दुसरं खातं उघडलं जातं आणि जुने पैसे अडकतात. वायरमन परवाना किंवा बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्याचं असेल, तर ते इथे चालतं का, हे त्या-त्या सरकारी कार्यालयात आधी विचारा. मूळ कागद कोणाकडेही ठेवू द्यायचे नाहीत, मार्गदर्शकाकडेसुद्धा.

ट्रायल

तोंडभर शिफारस केली तरी मालक डोळ्यांनी पाहिलेल्यावरच विश्वास ठेवतो, म्हणून सगळा जोर इथे लावा. दोन-तीन तासांत संपेल असं, पण खरं काम मागा. जिनिंग फिटरसाठी डबल रोलर जिनचा एक रोलर बदलून स्थिर सुरी रोलरच्या पूर्ण लांबीवर सारखी टेकवणं, हे काम चांगलं. वेल्डरला एकाच बाजूने वेल्ड केलेला टी-जोड करायला लावा आणि मग तो सर्वांसमोर हातोड्याने मोडा. आत छिद्रं, स्लॅग (वेल्डचा मळ), मुळाशी न वितळलेली जागा आहे का, हे फोरमनला स्वतः दिसतं.

‘पास’ म्हणजे काय, हे सुरू करण्याआधी फोरमनशी ठरवून घ्या, नाहीतर काम झाल्यावर निकष बदलतात. हत्यारं आणि मशीन आदल्या दिवशी दाखवून आणा. अनोळखी पान्यांमुळे चांगला हातही चाचपडतो. त्या वेळाची मजुरी मागा. फुकटच्या ट्रायली आठवडाभर चालतात.

मार्गदर्शकाने लांब उभं राहायचं. मधे हात घातला की मालकाच्या मनात शंका राहते.

काम लागल्यावर

हजेरीवर ‘कुशल’ अशी नोंद झाली का ते पहिल्याच पगाराला बघा. किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल असं वेगळं असतं आणि त्यातला विशेष भत्ता राज्य सरकार जानेवारी आणि जुलैत बदलतं. जादा कामाला दुप्पट दर मिळतो. मोठी उचल घेऊ देऊ नका. उचल फिटेपर्यंत माणूस बांधला जातो आणि दुसरीकडे चांगली जागा निघाली तरी हलता येत नाही.

हिंदीवर कारखान्यात भागतं. पण ‘सरक’, ‘करंट चालू आहे’, ‘हात नको घालू’ असे वीसेक मराठी शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्या. घाईत माणूस आपल्याच बोलीत ओरडतो, आणि ते क्षणात समजलं पाहिजे.

ट्रायल फसली तर त्याच दिवशी वहीचं पान उघडा, काय चुकलं ते लिहा आणि फोरमनकडून तीन आठवड्यांनंतरची तारीख मागून घ्या. तारीख न घेता परतलात तर पुढचा हंगाम पोती वाहण्यातच जातो.