टाकीतला मासा नदीत सोडण्याआधी हे वाचा

घरातली माशांची टाकी बंद करायची वेळ अनेकांवर येते. बदली होते, घर बदलते, मुलांचा उत्साह ओसरतो किंवा बोटाएवढा म्हणून आणलेला मासा पाहता पाहता टाकीत मावेनासा होतो. अशा वेळी मासा पिशवीत घालून जवळच्या नदीत, तलावात नाहीतर विहिरीत सोडून देणे हाच सर्वांत दयाळू मार्ग आहे असे बहुतेकांना वाटते, आणि आपण एका जिवाला जीवदान दिले याचे समाधानही मिळते. परंतु बाहेरचा मासा एकदा वाहत्या पाण्यात रुजला, की त्याला तिथून समूळ काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून टाकीतला मासा, टाकीतले पाणी आणि टाकीतली वनस्पती यांपैकी काहीही ओढ्यात, नदीत किंवा तलावात जाऊ न देता टाकी कशी बंद करावी, हे येथे सांगितले आहे.

आधी एक समजूत दूर करायला हवी. ‘एकच तर मासा आहे, एकाने काय होणार’ असे म्हटले जाते. गप्पीची मादी एकदा नराच्या संपर्कात आली की त्याचे बीज पुढे कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते आणि नर नसतानाही दर महिन्याच्या सुमारास पिले देत राहते. दुकानातून आणलेली मादी बहुधा अशीच, आधीच गाभण असते. त्यामुळे एका मादीपासूनही तळ्यात गप्पींची वस्ती उभी राहू शकते.

सकर मासा हे या नुकसानीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. टाकीच्या काचेवरचे शेवाळ खातो म्हणून तो ‘टाकी साफ करणारा मासा’ या नावाने सर्रास विकला जातो. घेताना तो दोन इंचांचा असतो, पण मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा हा मासा वाढून दीड फुटापर्यंत जातो आणि मग तो घरात ठेवणे अवघड होते. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या टणक पट्ट्या असतात, परांना काटे असतात, आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो व पोटाच्या अस्तरातून ती शोषून घेतो. सांडपाण्याने काळवंडलेल्या, इतर मासे गुदमरून मरतात अशा पाण्यातही तो त्यामुळे टिकतो, आणि आपल्या शहरांतून वाहणाऱ्या बहुतेक नद्यांची अवस्था नेमकी तशीच आहे. नर काठाच्या मातीत आडवी बिळे खोदतो, मादी त्यांत अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अशा बिळांनी पोखरलेला काठ पावसाळ्यात ढासळतो. कोळ्यांचे नुकसान तर डोळ्यांसमोर दिसते. हा मासा जाळ्यात आला की परांचे काटे ताठ करतो, काटे सुतात रुततात आणि त्याला सोडवायचे म्हटले की जाळे कापावे लागते. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ क्षेत्रात आणि केरळच्या ओढ्यांमध्ये त्याने बस्तान बसवले आहे, आणि या माशाची शेती आपल्याकडे खाण्यासाठी कोणी करत नसल्याने तो तिथे शोभेच्या माशांच्या व्यापारातूनच आला, हे उघड आहे.

तिलापिया, म्हणजे आपल्याकडची चिलापी, हेतुपुरस्सर आणली गेली. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आली. तिची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिलेही संकटात तिच्या तोंडात शिरतात, आणि अवघ्या दोन-तीन महिन्यांची मादी विणीला तयार होते. जिच्या पिलांना एवढे संरक्षण आहे, तिच्याशी उघड्यावर अंडी टाकून निघून जाणाऱ्या देशी माशांची बरोबरी होऊ शकत नाही. उजनीच्या जलाशयात आज चिलापीवर अनेक मच्छीमार कुटुंबांचे पोट चालते, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्या आधी त्या पाण्यात कोणकोणते मासे मिळत, हे जुन्या मच्छीमारांना विचारून पाहावे. आफ्रिकन मांगूर तर मिळेल ते खातो आणि इतर मासेही फस्त करतो. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली, तरी चोरून पालन चालू राहिले आणि राष्ट्रीय हरित लवादाला त्यात लक्ष घालावे लागले.

परका मासा म्हणजे परदेशी मासा, एवढाच अर्थ घेतला तर अर्धीच गोष्ट समजते. मासा नदीच्या खोऱ्याचा असतो, देशाचा नव्हे. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातून गेलेले आहे. दख्खनचा महसीर हा आपल्या नद्यांचा अस्सल मासा. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून या महसीरची पैदास होऊ लागली आणि तिथले बीज देशभर वाटले गेले. ते कावेरीतही सोडण्यात आले. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोंच्याही पुढे वाढणारा महसीर होता. आज तो अतिसंकटग्रस्त मानला जातो आणि त्याच्या जागी निळसर परांचा, बाहेरून आणलेला हा दख्खनचा महसीर दिसतो. हेतू संवर्धनाचाच होता. दुसऱ्या बाजूने पाहिले तर कटला, रोहू आणि मृगल हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे आपल्या धरणांत सोडले जातात. त्यामुळे ‘मासा भारतीयच आहे, सोडला तर बिघडले कुठे’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

पहिला प्रयत्न मासा दुसऱ्याला देण्याचा करावा. ज्या दुकानातून आणला, तिथे आधी विचारावे. पैसे मिळतील अशी अपेक्षा न ठेवता ‘नुसता घेऊन ठेवा’ असे सांगितले तर बरेच दुकानदार तयार होतात, कारण निरोगी वाढलेल्या माशाला गिऱ्हाईक मिळते. त्यानंतर टाकी पाळणारे ओळखीचे लोक, सोसायटीचा व्हॉट्सॲप गट, शाळा, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातली टाकी, असे मार्ग धुंडाळावेत. देताना मासा किती मोठा होतो आणि काय खातो हे न लपवता सांगावे, नाहीतर सहा महिन्यांनी तोच मासा दुसऱ्या कोणाच्या हातून नदीत जाईल. टाकीही सोबत देता आली तर फारच चांगले.

मासा नेण्याच्या आदल्या दिवशी त्याला खायला घालू नये, म्हणजे प्रवासात पिशवीतले पाणी त्याच्या विष्ठेने खराब होत नाही. जाड प्लास्टिकची पिशवी घेऊन त्यात एक तृतीयांश टाकीतलेच पाणी आणि वर दोन तृतीयांश हवा ठेवून तोंड रबराने घट्ट बांधावे. काटे असलेल्या माशाला एकात एक अशा दोन पिशव्या लागतात, किंवा सरळ झाकणाची बादली वापरावी. नव्या ठिकाणी पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून पाण्याचे तापमान जुळू द्यावे.

कोणीच घ्यायला तयार नसेल, मासा आजारी असेल किंवा तो आफ्रिकन मांगूरसारखा पाळण्यास बंदी असलेला असेल, तर त्याला वेदनारहित मरण देणे हाच उरलेला मार्ग आहे. हे वाचायला जड जाते, तरी ते स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. शक्य असल्यास पशुवैद्यकाकडून हे करून घ्यावे. लहान माशासाठी लवंगाचे तेल वापरता येते. एका छोट्या बाटलीत थोडे कोमट पाणी आणि तेल घालून ते दुधासारखे पांढरे होईपर्यंत जोरात हलवावे आणि मासा असलेल्या भांड्यात हळूहळू ओतावे. आधी थोडे घालून मासा निपचित होऊ द्यावा, मग उरलेले घालावे. एकूण प्रमाण लिटरमागे साधारण ०.४ मिलिलिटर असावे. कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही अर्धा तास मासा त्याच पाण्यात ठेवावा. सकर, मांगूर यांसारख्या हवा घेणाऱ्या माशांना बराच जास्त वेळ लागतो, म्हणून त्यांच्या बाबतीत पशुवैद्यकाचीच मदत घ्यावी. जिवंत मासा शौचकुपात टाकणे किंवा बर्फाच्या कप्प्यात ठेवणे ही क्रूरता आहे. मेलेला मासा मातीत खोल पुरावा.

टाकीतले पाणी झाडांच्या कुंड्यांत किंवा बागेच्या मातीत ओतावे, पावसाच्या पाण्याच्या गटारात ओतू नये, कारण ते गटार थेट नाल्याला आणि नाला नदीला मिळतो. त्या पाण्यात गोगलगायींची अंडी, परजीवी आणि रोगजंतू असू शकतात. वनस्पतींच्या बाबतीत तर जराही हयगय करू नये. जलपर्णी हीसुद्धा दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी म्हणून जगभर नेलेली वनस्पती आहे, आणि तिने आपल्या नद्यांचे काय केले ते पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. टाकीतल्या वनस्पती उन्हात कडक वाळेपर्यंत पसरून ठेवाव्यात, मगच त्यांची विल्हेवाट लावावी. खडी, जाळी आणि फिल्टरही धुऊन पूर्ण वाळवावेत.

ज्यांना पुण्य म्हणून मासे सोडायचे असतात, त्यांच्या श्रद्धेला बाधा न आणताही एक गोष्ट सुचवता येते. बाजारातून विकत आणलेला मासा पाण्यात सोडण्याऐवजी आहे त्या पाण्यातल्या माशांना अभय द्यावे. रायगड जिल्ह्यात वाळणकोंडला आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेवर तिळसे येथे देवाचे मासे म्हणून महसीर पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तिथे कोणी मासा आणून सोडत नाही; असलेला कोणी मारत नाही.

डासांसाठी गप्पी सोडताना ते सिमेंटच्या हौदात, बंद टाकीत किंवा ज्याचे पाणी पावसाळ्यातही बाहेर पडत नाही अशाच साठ्यात सोडावेत. ओढ्यात आणि तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे देशी छोटे मासे आधीपासून असतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी मृगाच्या आधी सांडव्याला बारीक जाळी बसवावी आणि तळे काठोकाठ भरू देऊ नये, कारण एका रात्रीच्या मुसळधार पावसात शेततळ्यातली चिलापी शेजारच्या ओढ्याला लागते.

नदीत गळ टाकताना किंवा जाळ्यात सकर अथवा अनोळखी मासा मिळाला, तर तो परत पाण्यात सोडू नये आणि काठावर तडफडत टाकूनही जाऊ नये. सकर पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा पाण्यात शिरू शकतो. वरून, बाजूने आणि पोटाकडून असे तीन फोटो काढावेत, कारण या माशांची ओळख पोटावरच्या नक्षीवरूनही पटते. ठिकाण आणि तारीख लिहून ती माहिती जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला द्यावी. मासा जिवंत असेल तर डोक्यावर जोरदार घाव घालून तो लगेच मारावा आणि काठापासून दूर पुरावा.