फुप्फुसाभोवतीचं पाणी: सीटीत नजर कुठे ठेवायची

नवे रेसिडेंट सीटी उघडला की कर्सर थेट पाण्यावर नेतात आणि हाउन्सफील्ड युनिट (सीटीवर घनता दाखवणारा आकडा) मोजत बसतात. ताजं रक्त असेल तर आकडा चढलेला दिसतो, तेवढा उपयोग आहेच. पण कॅन्सरचं पाणी कुठलं आणि साधं कुठलं, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. बघायचं ते फुप्फुसाचं दुपदरी आवरण, म्हणजे प्ल्युरा.

त्यासाठी स्कॅन वेळेवर घ्या. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, स्कॅनमध्ये उजळणारं औषध) दिल्यानंतर साधारण 60 ते 90 सेकंदांनी प्ल्युरा चांगला उजळतो. पल्मनरी अँजिओग्राफीत, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांसाठी लवकर घेतलेल्या सीटीत, तो अजून फिकाच असतो. सगळं पाणी काढण्याआधी सीटी झाला तर उत्तम, कारण पाणी असेतोवर बारीक गाठी उठून दिसतात. यकृत आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही स्कॅनमध्ये येऊ द्या.

मग कॅन्सरच्या चार खुणा शोधायच्या: प्ल्युरावर गाठी, 1 सेंटिमीटरहून जाड पराइटल प्ल्युरा (छातीच्या भिंतीकडचा बाहेरचा थर), फुप्फुसाला चहूबाजूंनी वेढणारा जाड थर, आणि मेडियास्टिनमच्या (दोन फुप्फुसांमधल्या जागेच्या) बाजूचा सहभाग. 1990 मध्ये लेउंग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या खुणा आजही कामाच्या आहेत. शेवटची सगळ्यांत जास्त निसटते. बरगड्यांकडची बाजू सगळेच बघतात. महाधमनी आणि पेरिकार्डियमला (हृदयाच्या आवरणाला) लागून जाणारी रेघ वरून खालपर्यंत, एकेक स्लाइस करत, कुणी बघत नाही. साध्या दाहात ही बाजू बहुधा शाबूत राहते. बहुधाच म्हणते, कारण टीबी कधीकधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो.

प्ल्युराचे दोन्ही थर गुळगुळीत, सारखे जाड, मध्ये पाणी आणि बाहेरची चरबी वाढलेली असेल तर एम्पायमाचा (प्ल्युरात साठलेल्या पुवाचा) विचार आधी करा. कॅल्शियम दिसलं तर सहसा जुना, निरुपद्रवी आजार असतो; पण अ‍ॅस्बेस्टॉसचे प्लाक (त्याच्या तंतूंमुळे प्ल्युरावर पडलेले जाड चट्टे) असतील तर मेसोथेलिओमा (प्ल्युराचा कॅन्सर) डोक्यातून काढू नका.

सोनोग्राफीला दुय्यम समजू नका. डायफ्रामवरच्या गाठी तिच्यात छान दिसतात, आणि डायफ्राम 7 मिलिमीटरहून जाड असेल तर संशय बळावतो. पेट सीटीबद्दल (पेशी किती साखर खपवतात ते दाखवणाऱ्या स्कॅनबद्दल) मी जरा साशंक असते: टीबी उजळतो, न्यूमोनियालगतचं पाणी उजळतं, पूर्वी (पाणी पुन्हा साठू नये म्हणून) टाल्क पावडर टाकलेला प्ल्युरा तर वर्षानुवर्षं उजळत राहतो.

रिपोर्टमध्ये 'कॅन्सर नाही' असं लिहू नका. लेउंग यांच्या अभ्यासात यातली एकही खुण कॅन्सरच्या निम्म्याहून फारशा जास्त रुग्णांत दिसली नव्हती. 'प्ल्युरल कॅन्सरची खुण दिसत नाही, पण शक्यता नाकारता येत नाही' एवढंच लिहा. निदान पाण्याची सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) किंवा बायॉप्सी (प्ल्युराचा तुकडा काढून तपासणी) हीच देणार. म्हणून प्ल्युरा सर्वांत जाड कुठे आहे ते बरगडीच्या क्रमांकासह आणि मिलिमीटरमध्ये नोंदवा; सुई टाकणाऱ्याला तुमच्या रिपोर्टातली तीच ओळ हवी असते.