पायलटच्या मुलाखतीत नकार आला? दुसऱ्यांदा जाण्याआधी या चुका टाळा

पहिल्या मुलाखतीला सांगलीहून दिल्लीला गेले, तेव्हा माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, 212 तास होते. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात होतं, मल्टी (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचं) आणि आयआर (फक्त उपकरणांवर उडण्याचं) रेटिंगही झालं होतं. चार दिवसांनी दोन ओळींचा मेल आला: या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. कारण काही दिलेलं नव्हतं. घरात कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

आज मी एका प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर या टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याच्या, विमानावर फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. सुट्टीला विश्रामबागला घरी आले की सांगली, कराड, कोल्हापूरकडची मुलंमुली मॉक इंटरव्ह्यूसाठी येतात. बहुतेक जण एक नकार पचवून आलेले असतात. त्यांच्या चुका बघते तेव्हा मला माझ्याच चुका पुन्हा दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेल वाचला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सगळा अभ्यास सुरू करणं. नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळं. मीही दोन महिने हेच केलं. ज्याला पाय दुखतोय त्याने अंगभर मलम चोळावं तसं ते होतं. आधी नक्की कुठे दुखतंय ते शोधा.

मुलाखत झाल्या दिवशीच, गाडीत बसल्या बसल्या, पॅनेलने विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि तुम्ही दिलेलं उत्तर वहीत उतरवा. शब्द आठवतील तसे. मग प्रत्येकापुढे खूण करा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण सांगता आलं नाही, की चुकीचं उत्तर खात्रीने ठोकून दिलं? पहिल्यावर उपाय पुस्तक, दुसऱ्यावर मोठ्याने बोलण्याचा सराव. तिसरा प्रकार घातक. पॅनेलवरचा कॅप्टन मनात एकच गोष्ट तोलत असतो, हा माणूस उद्या माझ्या शेजारी बसला तर चालेल का? खात्रीने चुकीचं बोलणारा शेजारी कुणालाच नको असतो.

स्वतःच्याच लॉगबुकावर अडखळणं

माझा घात तिसऱ्या प्रकाराने केला. समोर तिघे होते. मधल्या कॅप्टनांनी माझं लॉगबुक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं होतं.

"मल्टी कशावर केलंत?"
"सेनेका, सर."
"क्रिटिकल इंजिन कोणतं?"
"डावं, सर."
"का?"

सेनेका म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, आणि क्रिटिकल इंजिन म्हणजे जे बंद पडलं तर विमान सांभाळणं जास्त अवघड जातं ते. मी धडाधड सांगितलं. कॉकपिटमधून पाहताना दोन्ही पंखे (प्रोपेलर) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. नाक वर असताना खाली येणारं पातं जास्त ओढतं. ते उजवीकडे असतं, म्हणून उजव्या इंजिनाचा जोर मध्यरेषेपासून लांब पडतो. डावं बंद पडलं तर उरलेलं उजवं विमानाला जास्त वळवतं, म्हणून डावं क्रिटिकल. पाठ होतं, एक शब्द चुकला नाही.

"तुमच्या विमानातही?"
"हो, सर."

त्यांनी लॉगबुक मिटून माझ्याकडे सरकवलं. परतीच्या गोवा एक्स्प्रेसमध्ये वरच्या बर्थवर पडल्या पडल्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सेनेकाचे पंखे एकमेकांच्या उलट फिरतात. दोन्ही बाजूंना खाली येणारं पातं आतल्या अंगाला असतं, जोर सारखाच पडतो आणि क्रिटिकल इंजिन हा प्रकारच उरत नाही. त्या विमानात मी कितीतरी वेळा एका इंजिनाची पॉवर मागे घेऊन उडले होते. पुस्तक पाठ होतं, पण माझं विमान मला माहीत नव्हतं. "तुमच्या विमानातही?" या प्रश्नातून कॅप्टन मला सावरायची संधी देत होते, हेही तेव्हा कळलं नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी लॉगबुक मागते. सेस्ना 172 वर उडालात? मग त्याचं इंजिन कोणतं, इंधन किती, स्टॉल स्पीड किती, फ्लॅप्स विजेवर चालतात की आणखी कशावर? सीपीएलसाठी 300 नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री केलीत, त्या दिवशी हवामान काय होतं, पर्यायी विमानतळ कोणता धरला होता? लॉगबुकातली कुठलीही ओळ त्या दिवसाच्या गोष्टीसकट सांगता आली पाहिजे. आणि बेरजा तपासा. बायोडेटात 215, लॉगबुकात 209 आणि डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) ई-जीसीए पोर्टलवर तिसराच आकडा, असं मी पाहिलं आहे. पॅनेलला ती बेरजेतली चूक वाटत नाही, खोटेपणा वाटतो.

जुन्या नोट्स

सिनियरकडून मिळालेली झेरॉक्स हा आपल्याकडे खजिना मानला जातो. त्यात हमखास 'एअरक्राफ्ट ॲक्ट 1934' असतं. त्याची जागा 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 ने घेतली आहे. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तास लिहिलेली असते. ती जुलै 2025 पासून 48 तास झाली. असे प्रश्न मुद्दाम विचारतात, कारण नियम बदलला की वाचायची सवय तुम्हाला आहे का, ते त्यातून लगेच कळतं. मुलाखतीच्या आठवड्यात डीजीसीएच्या संकेतस्थळावर तासभर घालवा.

जेटचा अभ्यास करून टर्बोप्रॉपच्या मुलाखतीला जाणं

प्रादेशिक कंपनीत अर्ज करायचा आणि बोलायचं फक्त ए320 या जेटवर, ही चूक फार जण करतात. एटीआर 72 ला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन, नसतो. मग जमिनीवर वीज आणि हवा कुठून येते? उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. एवढं साधं उत्तर दहातल्या सात जणांना माझ्यासमोर देता आलेलं नाही. फेदर म्हणजे काय, का करतात, टॉर्क म्हणजे काय, पंखांवर बर्फ धरला तर रबरी बूट काय काम करतात, हे घरच्या माणसाला मराठीत समजावून सांगता आलं की समजा आलं.

अपघातांवर प्रश्न येतातच. 15 जानेवारी 2023 ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सच्या एटीआरमधले 72 जण गेले. फ्लॅपच्या लिव्हरऐवजी दोन्ही पंख्यांचे कंडिशन लिव्हर फेदरवर गेले होते, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर होऊन ओढ थांबली होती, आणि ते वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये दोन नंबरच्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला आणि कॅप्टनने मागे ओढलं चांगलं चालणारं एक नंबर. 43 जण गेले. हे सांगताना "पायलटची चूक होती" म्हणून मोकळे होऊ नका. तिथे तुमच्यासारखीच शिकलेली माणसं बसली होती. लिव्हरवर हात ठेवल्यावर हलवण्याआधी दोघांनी तो बघून, बोलून खात्री करायची असते, ती साखळी कुठे तुटली ते सांगा. आणि शेजारी बसलेले तुम्ही असता तर कोणत्या क्षणी, कोणत्या शब्दांत बोलला असता तेही सांगा.

इंग्रजीवर खापर फोडणं

मराठी माध्यमातून आलेली मुलं नकाराचं कारण म्हणून इंग्रजीकडे बोट दाखवतात. मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतली. परवान्याला आयसीएओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) इंग्रजीची चौथी पातळी लागते, सहावी नाही. उच्चार सांगलीचा असला तर असू दे. पॅनेलला अडतो तो लांबच लांब वाक्यांचा गुंता. मोबाईलवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा आणि ऐका. माझं दीड मिनिटाचं उत्तर ऐकलं तेव्हा कळलं की मुद्दा शेवटच्या दहा सेकंदांत येत होता. मुद्दा आधी, कारण मागून. आणि येत नसेल तर सरळ "मला माहीत नाही, मी हे अमुक मॅन्युअलमध्ये बघेन" म्हणा. त्याने गुण गेले तरी विश्वास जात नाही.

गणितही मोठ्याने करा. 12,000 फुटांवरून 3,000 वर यायचंय: फरक 9 हजार फूट, 9 गुणिले 3, म्हणजे 27 मैल आधी उतरायला लागा, वेग कमी करायला थोडे मैल वर धरा. तीन अंशांच्या ग्लाइड स्लोपवर (उतरण्याच्या उतारावर) ग्राउंड स्पीड 120 नॉट असेल तर पाचाने गुणा, मिनिटाला साधारण 600 फूट. धावपट्टी 07 (म्हणजे 70 अंश) आणि वारा 100 अंशांवरून 20 नॉट? तीस अंशांचा फरक म्हणजे निम्मा, क्रॉसविंड (आडवा वारा) 10.

सिममध्ये एक चूक झाली की मनाने तिथेच थांबणं

कराडचा एक मुलगा सिममध्ये, म्हणजे सिम्युलेटरवरच्या चाचणीत, नापास होऊन आला होता. आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर) हजार फुटांना तो ग्लाइड स्लोपच्या वर होता, वेगही जास्त. तो नाक दाबत राहिला, कारण गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) म्हटलं तर नापास करतील असं त्याला वाटलं. झालं उलटंच. ॲप्रोच स्थिर नसेल तर गो-अराउंड हेच बरोबर उत्तर असतं, आणि तपासणारा बहुतेक वेळा त्याचीच वाट बघत असतो.

त्याला मी सिमचे तास विकत घ्यायला लावले नाहीत. कपाटाच्या दारावर कॉकपिटचं पोस्टर, समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची, डावा हात मांडीवर ठेवलेल्या लाटण्यावर, कारण सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर पॉवर लिव्हर डावीकडे असतात. रोज वीस मिनिटं, प्रत्येक कॉल-आउट (ठरलेली घोषणा) तोंडाने. "गो-अराउंड" म्हणताना हात पुढे गेलाच पाहिजे. पंधरा दिवसांत त्याच्या आजीला ते कॉल-आउट पाठ झाले. पैसे असतील तर परीक्षेआधी एक-दोन तास सिम जरूर घ्या, पण या खुर्चीनंतर.

खऱ्या सिमला बसण्याआधी ब्रीफिंगमध्ये विचारा: या वजनाला सरळ उड्डाणात पिच (नाकाचा कोन) किती, पॉवर किती, ॲप्रोचला किती? ते आकडे लिहून घ्या. अनोळखी विमान उपकरणांच्या सुयांच्या मागे धावून सांभाळता येत नाही, ते आकड्यांनी सांभाळायचं.

"मागच्या वेळी का घेतलं नाही?"

दुसऱ्या वेळी हा प्रश्न जवळजवळ ठरलेला. "पॅनेल कडक होतं", "त्या वर्षी जागाच कमी होत्या" ही उत्तरं खरी असली तरी उपयोगाची नाहीत. दुसऱ्या मुलाखतीत मी सांगितलं: सेनेकावर क्रिटिकल इंजिन डावं म्हणाले, पाठांतरावर विसंबले होते. त्यानंतर प्रत्येक विमानाचं मॅन्युअल घेऊन माझे तास पुन्हा वाचले. मग पॅनेलने सेनेकाच्या इंधन यंत्रणेवर पंधरा मिनिटं प्रश्न विचारले, आणि ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची पंधरा मिनिटं होती.

प्रादेशिक कंपनीच का, यावर "मोठ्या विमानाकडे जायची पायरी" म्हणू नका. आपल्या भागाचा माणूस हे खरेपणाने सांगू शकतो. सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवरून विमान कधी उडणार, हे ऐकत आम्ही मोठे झालो. आजही सांगलीकराला विमान धरायला कोल्हापूर गाठावं लागतं. छोट्या गावाला विमान म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

पैशांबद्दल कळकळीने सांगते. नकारानंतरच्या महिन्यात "आत ओळख आहे, काम करून देतो" म्हणणारे भेटतात. एक रुपयाही देऊ नका. स्वखर्चाने टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाचा परवाना) करायचा निर्णयही त्या महिन्यात घेऊ नका. खर्च लाखांत जातो आणि नोकरी लांबली तर तो परवाना चालू ठेवायला पुन्हा पैसे लागतात. त्यापेक्षा क्लास वन मेडिकल आणि आयआर यांच्या तारखा बघा. बोलावणं आलं आणि आयआर संपलेलं, अशी वेळ माझ्या एका मैत्रिणीवर आली. पुन्हा अर्ज किती महिन्यांनी करता येतो, ते त्या कंपनीच्या जाहिरातीत वाचून कॅलेंडरवर खूण करा.

आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत त्या गावात पोचा. मिरजेहून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट पॅनेलसमोर बसायचं नाही. लॉगबुक आणि मूळ परवाने बर्थखालच्या बॅगेत ठेवू नका, उशाशी ठेवा.