रिफंडचा मेल आलाय? क्लिक करण्याआधी या चुका टाळा

जुलै उजाडला की रिटर्न भरायची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमाराला "तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते पडताळण्यासाठी येथे क्लिक करा" असे मेल यायला लागतात. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका असा मेल छापूनच माझ्या दारात आले. "अठरा हजार येणार म्हणतायत गं. कार्डाचा नंबर कुठे भरायचा, तेवढं बघून दे." वर ठळक अक्षरांत 'आयकर विभाग' असं नाव होतं आणि काकांचा त्या नावावर पूर्ण भरवसा होता.

नाव म्हणजे पत्ता नव्हे

पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कोणीही काहीही टाकू शकतं. मोबाइलवर जीमेलमध्ये नावाखाली बारीक अक्षरांत 'टू मी' दिसतं, त्यावर बोट टेकवलं की खरा पत्ता उघडतो. तो शेवटाकडून वाचायचा, पोस्टात पत्रं छाटताना आधी पिनकोड बघतात तसा. रिफंडच्या मेलमध्ये आयकर विभागाचा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' इथे संपतो. त्यापुढे 'डॉट अमुक डॉट कॉम' असं शेपूट असेल, तर ते घर त्या अमुकचं. आधी कितीही सरकारी शब्द असोत. लिंकही अशीच तपासायची. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडल्या की पुढची रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि त्याचा शेवट बघायचा. बँकांच्या बाबतीत हे आता सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं.

तरीही पत्ता बरोबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट लावता येतो. मेलमधल्या लिंकवरून जायचंच नाही. आयकर पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा आणि लॉगिन करून बघा. रिफंड पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी यांतलं काहीही लागत नाही. आम्ही काकांच्या नावाने लॉगिन केलं, तर त्यांचं त्या वर्षीचं रिटर्न अजून भरलंच नव्हतं. मग रिफंड मंजूर कुठून होणार?

खरा मेल खोटा समजणं

ही उलटी चूकही मी दरवर्षी बघते. रिटर्न तपासून झाल्यावर आयकर कायद्याच्या कलम १४३(१) ची सूचना खरोखरच मेलने येते, सोबत पासवर्ड लावलेली पीडीएफ असते. पासवर्ड म्हणजे इंग्रजी लहान अक्षरांतला पॅन आणि त्याला जोडून दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकडी जन्मतारीख. घाबरून हा मेल उडवला, तर निघालेली कराची बाकी कळतच नाही. शंका आली तर नोटिशीवरचा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, पोर्टलवर टाकून ती खरी आहे का ते बघता येतं. मात्र झिप, एचटीएमएल किंवा एपीके फाइल जोडलेली 'नोटीस' अजिबात उघडू नका.

नको असलेल्या मेलचं काय?

'कृपया मेल पाठवू नका' असं उत्तर पाठवलं, की हा पत्ता कोणीतरी वाचतंय एवढंच समोरच्याला कळतं आणि मेल वाढतात. ज्या दुकानाला आपणच कधी पत्ता दिला होता, तिथे 'अनसबस्क्राइब' चालतं. जीमेलच्या ग्राहकांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना २०२४ पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकची ही सोय देणं भाग आहे. अनोळखी मेलला मात्र फक्त 'रिपोर्ट स्पॅम'. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडून बघा. जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसतं, आणि त्यात मुलाखतीचं किंवा प्रवेशाचं बोलावणं अडकलेलं असू शकतं.

क्लिक झालंच असेल तर

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि लगेच बँकेला कळवा. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात आणि मग थांबवायला काही उरत नाही. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर होते.

फक्त पासवर्ड दिला गेला असेल, तर तो दुसऱ्या, भरवशाच्या फोनवरून बदला आणि बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. बहुतेक जण इथेच थांबतात. पण चोराने आत शिरताच सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' लावून ठेवलं असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमचे मेल त्याच्याकडे जात राहतात. म्हणून संगणकावर जीमेल उघडून 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन्ही भाग तपासा. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर तुमचाच आहे ना, तेही बघा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी, चालू करा आणि तोच पासवर्ड आणखी जिथे जिथे वापरला असेल तिथेही बदला.

तो फसवा मेल मात्र रागाने डिलीट करू नका. तक्रार नोंदवताना तोच पुरावा म्हणून जोडायचा असतो.